दार वाजवण्याआधी

विश्वास ठेवा नाहीतर सोडून द्या. पण नीलम माझी सख्खी मावसबहीण आहे आणि ती काहीच्या बाही बोलणाऱ्यातली नाही. दिवसभर कॉम्प्युटरशी डोकं लावणारी मुलगी. मी भुताचं नाव काढलं की माझी टर उडवायची.

आता उडवत नाही.

ठिकाण दिल्ली. आर. के. पुरममधलं सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. गेल्या जानेवारीतला रविवार. आणि रात्र नव्हती बरं का... सकाळ होती. धुकं एवढं, की खिडकीला टेकलेलं कडुनिंबाचं झाडही दिसत नव्हतं.

घरात नीलम एकटी. तिची आई, आमची लीलामावशी, आधीच वारलेली. वाल्मीककाका, म्हणजे नीलमचे बाबा, मंत्रालयात नोकरीला होते. तेही गेले त्याला वर्ष होत आलं होतं. महिनाअखेर क्वार्टर सोडायचं होतं. नागपूरहून धाकटा भाऊ सुगत रोज फोन करायचा.

"ताई, सामान बांधलंस का?"

"बांधते रे. हो जाएगा."

बांधत काहीच नव्हती. हे घर सुटलं की आपली वाट बघणारं जगात कुठलंच दार उरणार नाही, ही तिची भीती.

काकांना कमी ऐकू यायचं. बेल तर नाहीच. म्हणून नीलमने दाराला एक छोटा डबा बसवला होता. दार वाजलं की डब्यातला माइक आवाज मोजायचा. त्या आकड्यात थोडी भर घालून बेरीज मोठी आली, की काकांच्या खुर्चीशेजारचा पिवळा दिवा लागायचा. काका खुर्चीच्या हाताचं बटण दाबायचे. टक... दिवा विझायचा. मग सपाता फरफटत यायचे आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आलीस का गं, नीलू!"

नीलमजवळ किल्ली असायची. तरी ती दार वाजवायची.

तिचं काम कंपायलरचं. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवून देतो, तो कंपायलर. त्या आठवड्यात ती त्याला एक युक्ती शिकवत होती. काही बेरजांना वरची हद्द असते. दोनशे पंचावन्नला पोचलं की तिथेच थांबायचं. काठोकाठ भरलेल्या पेल्यासारखं, वरून कितीही ओता. अशा बेरजेतले दोन्ही आकडे आधीच ठाऊक असतील, तर ती यंत्रावर सोडायचीच कशाला? कंपायलरने स्वतः करावी आणि नुसतं उत्तर लिहून मोकळं व्हावं.

चाचणीला तिने डब्याचाच जुना प्रोग्राम घेतला. इथे ही युक्ती लागूच पडायला नको होती. माइक काय ऐकणार, हे आधी कुणाला ठाऊक असतं?

तिने कंपायलर चालवला. निकाल उघडला.

बेरीज नव्हती...

माइकला विचारणंही नव्हतं.

नुसतं उत्तर होतं. दोनशे पंचावन्न. म्हणजे दार वाजतंय, आणि अगदी जोरात.

तिने गुरुग्रामला हेरंबला फोन लावला. तो तिच्याच टीममधला.

"अगं, भर म्हणून घातलेला आकडाच दोनशे पंचावन्न असेल. एक पेला आधीच भरलेला असला, तर दुसऱ्यात काय आहे ते कोण बघतं यार?"

तिने बघितलं. भर चाळीसची होती.

हेरंबने तोच प्रोग्राम त्याच कंपायलरमधून काढला. त्याच्याकडे बेरीज जिथल्या तिथे.

"तुझ्याकडेच काहीतरी गडबड आहे. चाय पी, मग बघ."

तिने तो नवा निकाल डब्यात भरला. खुर्चीशेजारचा दिवा लागला. बटण दाबलं, विझला, लगेच पुन्हा लागला. बरोबरच होतं. उत्तर कायमचं लिहून टाकलेलं, मग दिवा विझून राहणार कसा? तिने तो तसाच जळत ठेवला आणि चहाला दूध आणायला खाली गेली.

परत आली तर दार वाऱ्याने आपटलेलं. लॅच लागलेलं. किल्ली आत, मोबाइल आत. शेजारच्या कुमुद आंटी पानिपतला लेकीकडे गेलेल्या. जिन्यात चिटपाखरू नाही. दाराखालच्या फटीतून तेवढा पिवळा उजेड येत होता.

दुधाची पिशवी हातात घेऊन ती उभी राहिली. आणि वर्षभर न आलेलं रडू तिला तिथे, त्या जिन्यात आलं. तिने दोन्ही मुठींनी दार बडवलं.

"बाबा... दार उघडा ना..."

आत...

टक.

फटीतला उजेड गेला.

मग सपाता. फरफट... फरफट... अगदी दारापर्यंत.

लॅच फिरलं.

दार उघडलं तेव्हा आत कुणी नव्हतं. खुर्ची रिकामी. दिवा विझलेला. नीलम उंबऱ्यावरच थांबली, ती हाक ऐकायला.

हाक आली नाही.

तिने डबा तपासला. आत तेच दोनशे पंचावन्न. दिवा मात्र विझला तो विझलाच. संध्याकाळी तिने कंपायलर पुन्हा चालवला. बेरीज आपल्या जागी परत आली होती. कुणाला दाखवायला काही उरलं नाही.

महिनाअखेर तिने क्वार्टर सोडलं. नोएडाला फ्लॅट घेतला, भाड्याने. मार्चमध्ये क्वार्टरमध्ये आलेल्या नव्या बाईंचा, मीनाक्षीजींचा, गॅसच्या कागदांसाठी फोन आला. ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "नीलम जी, एक बात पूछूँ? इस दरवाज़े में कुछ लगा है क्या? हम खटखटाते भी नहीं... और ये खुल जाता है."

डबा तर नीलमच्या कपाटात पडून आहे.

हे मला सांगताना ती घाबरलेली नव्हती, रडत होती. "बाबा तिथेच राहिले गं. येईल त्याला दार उघडतायत. वाजवायच्या आधीच."

गेल्या आठवड्यात मी तिच्याकडे गेले होते. बाजारातून आम्ही दोघी परत आलो. किल्ली तिच्या हातात होती. तरी तिने आधी दार वाजवलं.

"अगं, आत कोण आहे?" मी विचारलं.

"कुणी नाही," ती म्हणाली, आणि कान देऊन उभी राहिली.

मीही उभी राहिले. आतून काहीच आलं नाही... आणि खरं सांगू? त्याचंच मला फार वाईट वाटलं.

मग तिने किल्ली लावली.