लटकती पिन

पाटीवर ‘जेव’ आल्याशिवाय शोभाकाकी जेवत नव्हत्या. आणि पाटी कालपासून गप्प होती.

म्हणून सुयोगला फोन आला. फोन काकींनी नाही, आक्कांनी केला. आक्का म्हणजे काकींच्या नवऱ्याची, आण्णांची, थोरली बहीण, बोलायला तिखट. “ये बाबा पाटीवाल्या, लवकर ये. एकजण अंथरुणात गप पडलाय आन एकजण उपाशी बसलीय. मी कुणाकुणाकडं बघू?”

सुयोग मगदूम गाडीला किक मारून निघाला. इचलकरंजीत त्या दिवशी विचित्र शांतता होती. वीजदराच्या विरोधात आदल्या दिवसापासून यंत्रमागांचा बंद होता. ज्या गल्लीत एरवी मागांच्या खडखडाटात शेजारच्याला ओरडून हाक मारायला लागते, तिथं कावळा ओरडलेला ऐकू येत होता.

बोलपाटी आता गावोगाव आहे. अर्धांगाने वाचा गेलेला, हातपाय गेलेला माणूस ज्या घरात असेल, त्या घरात खाटेच्या वर एक हातभर लांब काळी पाटी असते, तिच्यावर लाल एलईडीचे ठिपके. माणसाच्या गालावर दोन चकत्या चिकटवतात. गाल आवळला की स्नायूत अगदी बारीक वीज तयार होते. सगळ्यांच्याच होते, तुमच्याही. ती वीज वायरीतून एका छोट्या चिपच्या पायात जाते. त्या पायाला पिन म्हणतात. पाटीवर अक्षरं एकामागून एक उजळत जातात, हवं ते अक्षर आलं की माणसाने गाल आवळायचा. एवढंच.

पण एवढंच असतं तर पाटी कुणी वापरली नसती. ‘पाणी’ म्हणायला दोन-तीन मिनिटं लागतात. घरातली माणसं कंटाळतात, पडलेला माणूस दमतो. म्हणून मग अंदाज्या आला.

अंदाज्या म्हणजे दुसरी चिप. तिला त्या माणसाचे जुने व्हॉइस मेसेज ऐकवायचे, असतील नसतील तेवढे. माणूस कसा बोलतो हे ती शिकते. मग त्याने एक अक्षर निवडलं की पुढचं अख्खं वाक्य तीच पाटीवर लावते. त्याच्याच शब्दांत, त्याच्याच लकबीत. शिवाय माणूस जसजसा दमत जाईल, तसतसा अंदाज्या कान टवकारतो. गालाची हालचाल कमी झाली की वायरीतून येणारं काहीही तो आणखी मोठं करून ऐकतो.

सुयोगने हे सगळं घरी बसून केलं होतं. डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सुटला होता. आधी गणपती मंडळांच्या पळत्या अक्षरांच्या पाट्या, मग कबड्डीचे स्कोअरबोर्ड, मग ही. व्हिडिओ बघून, सोल्डरने बोटं भाजून घेत शिकला. आता गावातल्या पन्नासेक घरांत त्याच्या पाट्या होत्या.

आणि कायदाही झाला होता. पाटीवर उमटलेला शब्द हा त्या माणसाचाच शब्द. महिन्यातून एकदा सरकारी डॉक्टर येतो, पाटीसमोर उभा राहतो आणि एकच प्रश्न विचारतो, “हे असंच चालू ठेवायचं का?” याला विचारणा म्हणतात. पाटीने नको म्हटलं, तर नाकातली अन्नाची नळी काढतात आणि माणसाला शांतपणे जाऊ देतात. आण्णांची पाटी दर विचारणेला म्हणायची, “चालवा की डॉक्टर. मला काय धाड भरलीय?”

डॉक्टरसुद्धा हसायचे.

पुढची विचारणा उद्या होती.

काकी खाटेशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. आण्णा बुगड, सगळं आयुष्य मागावर काढलेला माणूस, छताकडे बघत पडले होते.

“सुयोग, काल सकाळी ‘उठलीस का गं रडूबाई’ म्हणाले. त्यानंतर काय न्हाई. माझं काय चुकलं का रं?”

“तुमचं काय चुकतंय काकी. बॅटरी बिटरी असेल. बघतो.”

“बॅटरी न्हाई नि फिटरी न्हाई,” आक्का दारातून म्हणाल्या. “रुसलाय त्यो. लहानपणापासनं मागाच्या आवाजात वाढलेला गडी. माग बंद पडले की ह्याची वाचा बंद. दिवाळीत चार दिवस माग बंद होते, तवाबी असाच गप होता का न्हाई? विचार हिला.”

“व्हय,” काकी म्हणाल्या. “आन मागच्या महिन्यात डीपी जळून माग थांबले तवाबी.”

सुयोग हसला. “आक्का, तुम्हीच घ्या पाट्या दुरुस्तीला.”

मग त्याचं हसू तोंडावरच राहिलं.

त्याने पाटीला लॅपटॉप जोडला. पाटी ठीक होती, अंदाज्या ठीक होता. पिनवर काहीच येत नव्हतं. त्याने आण्णांच्या गालावरच्या चकत्या अलगद काढल्या आणि वायर बोटांतून ओढत ओढत मागे गेला. खाटेचं डोकं वर-खाली करायला बिजागरी असते, तिथे वायर मऊ लागली. त्याने ब्लेडने रबर कापलं.

आत तांब्याची तार तुटलेली होती. आणि तुटलेली टोकं हिरवी पडली होती.

तार काल तुटली असती तर टोकं लाल चमकली असती. हिरवी पडायला घाम लागतो, ओल लागते, महिने लागतात.

तो चकत्या हातात धरून तसाच उभा राहिला. आतल्या खोलीत आक्का पुटपुटत होत्या, “ती जेवू दे नायतर न्हाई जेवू दे, मी चटणी तर वाटते,” आणि त्यांनी मिक्सर लावला.

पाटी पेटली.

लाल ठिपके सरसर धावले. ‘शोभे, चहा टाक गं.’

काकी ताडकन उठल्या. “बोलले! आक्का, बोलले बघा! टाकते हो, लगेच टाकते.” त्यांनी आण्णांचा हात घट्ट धरला, कपाळाला लावला.

मिक्सर थांबला. पाटी विझली.

“काकी,” सुयोग म्हणाला. त्याने हात वर केला. “काकी, चकत्या माझ्या हातात आहेत.”

त्यांना कळलंच नाही. कळणार कसं? त्याने आक्कांना पुन्हा मिक्सर लावायला सांगितलं. पाटी म्हणाली, ‘उन्हातनं फिरू नगंस.’ मिक्सर बंद, पाटी बंद. पुन्हा मिक्सर. ‘आमच्या आक्कीला सांग, तोंड आवर.’

आक्का हसल्या नाहीत.

“हे काय हाय रं?” काकी हळू म्हणाल्या.

“पिनला वायर जोडलेली असेल तर ती गालाचं ऐकते. ही वायर केव्हाच, महिन्यांपूर्वी तुटलीय. वायर तुटली की पिन हवेत लटकते. लटकती पिन गप्प बसत नाही काकी, ती एरियलसारखी होते. आसपासची वीज पकडते. घरातल्या विजेची गुणगुण एकसारखी असते, ती मी गाळून टाकली होती. पण माग धक्के देत चालतो. मिक्सर पण. ते धक्के पिनमध्ये येतात आणि अंदाज्याला वाटतं, माणूस गाल आवळतोय.”

“मग एवढे महिने कोण बोलत होतं?”

“माग.”

“मागाला माझं नाव काय ठाऊक?”

“मागाला नाही. अंदाज्याला. तुम्ही दिलेले ना आण्णांचे मेसेज.”

हे टाळता येत होतं. पिनला जमिनीशी बांधून ठेवणारा एक साधा रेझिस्टर असतो. वायर तुटली तर पिन शून्यावर येते, गप्प होते. शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात सांगतात. सुयोगने तो मुद्दाम काढला होता. आण्णांच्या गालाची वीज इतकी क्षीण, की रेझिस्टर तिलाच खाऊन टाकायचा. ती ऐकू यावी म्हणून काढला. मग कुठल्याच पाटीत घातला नाही.

त्याने बॅगेतून नवी वायर काढली. चकत्या परत चिकटवल्या. आणि या वेळी अंदाज्या बंद केला.

“आता फक्त अक्षरं येतील,” तो म्हणाला. “वेळ लागेल. आण्णा, ऐकताय ना? घाई नाही.”

अक्षरं एकेक करून उजळायला लागली. क, ख, ग. आण्णांचा गाल स्थिर होता. डोळे पाटीवर आले. पहिल्या फेरीत काही नाही. दुसऱ्या फेरीत ‘प’ आला आणि गाल हलला. नीट बघितलं नसतं तर दिसलाही नसता. मग बाराखडी फिरली. प, पा, पि, पी, पु. गाल हलला.

“पु,” आक्का म्हणाल्या. “पुन्ना चहा कर. आठवतंय? पाटी नवीन आली तवा सारखं हेच. पुन्ना चहा कर, पुन्ना चहा कर. आपण किती हसलो.”

सुयोगला आठवत होतं. तेव्हा वायर तुटलेली नव्हती.

दुसरं अक्षर यायला फार वेळ लागला. आण्णांच्या कपाळावर घाम आला. काकी पदराने पुसत होत्या.

‘पुरे.’



पहिल्या महिन्यात आण्णा ‘पु’ निवडत होते आणि पुढचं वाक्य अंदाज्या लावत होता. अंदाज्या शिकला होता व्हॉइस मेसेजवरून. आणि मेसेजमध्ये कोण बोलतं, दुखतंय, सोडवा म्हणून? तिथं सगळे चहा, जेवण, चिडवाचिडवी. आण्णांच्या अंदाज्याला दुःखाचं एक वाक्य ठाऊक नव्हतं. वायर धड होती तेव्हाही आण्णांना हे म्हणता आलं नव्हतं. नंतर तर पाटीला त्यांची गरजच उरली नव्हती.

सुयोग खाली वाकला. “आण्णा, एकदा गाल हलवला की हो. दोनदा म्हणजे नाही. हे असंच चालू ठेवायचं का?”

दोनदा.

“नीट ऐकलं ना प्रश्न? नळी, हे सगळं, चालू ठेवायचं?”

दोनदा. आणि थोडं थांबून पुन्हा दोनदा.

आक्का भिंतीला टेकून खाली बसल्या. “माझ्या बाळा,” एवढंच म्हणाल्या.

काकी बराच वेळ आण्णांच्या तोंडाकडे बघत होत्या. अनोळखी माणूस घरात आल्यावर बघतात तसं.

“सुयोग,” त्या म्हणाल्या, “ती जुनी वायर कुठं ठेवलीस?”

“काकी, असं नका.”

“लगीन झाल्यापासनं हा माणूस माझ्याशी असाच बोलला. शोभे, रडूबाई, चहा टाक. हे त्यांचंच बोलणं हाय. तूच म्हणालास, त्यांचेच शब्द. मग हे काय आज दोन अक्षरांत? हे कोण हाय, मला ठाऊक न्हाई.”

“हेच आण्णा आहेत. उद्या विचारणा आहे. डॉक्टर विचारतील, पाटी धड आहे का. मला सांगावं लागतं.”

“मग सांग की.” काकींचा आवाज चढला नाही. “सांग, माझी पाटी खोटी बोलत होती. मग ते बाकीच्या घरांत जातील. सगळ्या काढून नेतील. ती पाटलाची सून, पाटीवरनं लेकराचा अभ्यास घेती. तिची वायर धड हाय न्हवं? तिचीबी वाचा जाईल. आन ज्या घरातली तुटलीय, तिथं काय सांगशील? तुमचा बाप कवाच बोलायचा थांबला म्हणून?”

सगळ्या पाट्या खोट्या असत्या तर सोपं होतं. सगळ्या खऱ्या असत्या तरी.

“शोभा,” आक्का म्हणाल्या, “त्यो भाऊ हाय माझा.”

“मग उद्या तुम्ही सांगा डॉक्टरला. नळी काढा म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा.”

आक्का भिंतीला धरून उठल्या. आत जाऊन मिक्सरचं भांडं धुवायला लागल्या.

काकी उठल्या. चकत्या कशा काढायच्या हे सुयोगनेच त्यांना शिकवलं होतं, रोज तोंड पुसताना लागायचं म्हणून. त्यांनी त्या तशाच हलक्या हाताने काढल्या, नवी वायर गुंडाळून सुयोगच्या बॅगेवर ठेवली, जुनी पाटीत खोचली आणि चकत्या तिच्या टोकाला लावून परत गालावर चिकटवल्या. अंदाज्याचं बटण पाटीच्या मागे होतं. तेही त्यांना माहीत होतं.

बंद त्याच रात्री मिटला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर आले तेव्हा गल्ली पुन्हा खडखडत होती. भिंतींना हात लावला तर थरथर लागत होती. डॉक्टर खाटेपाशी उभे राहिले, घसा साफ करून मोठ्याने म्हणाले, “आण्णासो बुगड, हे असंच चालू ठेवायचं का?”

लाल ठिपके धावले. ‘चालवा की डॉक्टर. मला काय धाड भरलीय?’

डॉक्टर हसले. मग सुयोगकडे वळले. “पाटी धड आहे ना?”

आक्का आतल्या खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी मान फिरवली.

सुयोग पाटीकडे बघत नव्हता. तो आण्णांच्या गालाकडे बघत होता. गाल हलत होता. दोनदा. थांबून दोनदा. थांबून दोनदा. त्या गालावर चकत्या होत्या, चकत्यांना वायर होती, आणि ती वायर कुठेच जात नव्हती.

“हो,” तो म्हणाला. “धड आहे.”

“गाल उडतोय का हो यांचा?” डॉक्टरांनी विचारलं.

“माशी बसतीय सारखी,” काकी म्हणाल्या, आणि त्यांनी त्या गालावर अलगद आपला तळहात ठेवला.

वर पाटी उजळली. ‘जेव गं आता.’

काकींनी दुसऱ्या हाताने ताट पुढे ओढलं.