नवापूरच्या सभागृहाचा पुणेरी आर्किटेक्ट

"मॅडम, आमचा आर्किटेक्ट बेपत्ता झाला!" सकाळीच जोसेफकाका नवापूरच्या पोलीस ठाण्यात धापा टाकत आले.

फौजदार सुषमा गावितने चहाचा कप खाली ठेवला. "शेवटचा कधी पाहिला त्याला?"

"पाहिला नाही कोणी. इंटरनेटवरचा आहे."

काका समाजाच्या सभागृह समितीचे अध्यक्ष. आर्किटेक्ट निवडायला या शहाण्यांनी एका वेबसाइटवर बोली मागवली होती. जो कमीत कमी फी मागेल, त्याला काम. अरे, वांगी घेतानासुद्धा माणूस हातात घेऊन बघतो! निनाद सहस्रबुद्धे, पुणे, पाच तारे, फोटोत डोक्यावर पिवळं हेल्मेट. एवढ्यावर समिती पाघळली. त्याने नकाशा पाठवला, आगाऊ रक्कम घेतली आणि फोन बंद केला.

"वेबसाइटवाले म्हणतात, खातं नवापुरातूनच उघडलंय," काका म्हणाले. "इथे नकाशा काढणारं कोण? पौलसची लेक लिडिया. तिची बोली हरली, म्हणून खोट्या नावाने पैसे उचलले. रविवारी चर्चमध्ये सगळ्यांसमोर चोर म्हणालो तिला. रडायला लागली. खरी असती तर रडली असती का?"

वा रे न्याय! पोरगी शिकून गावी परतली, घरांची दोन कामं मिळाली, आणि रविवारनंतर दोन्ही सुटली. या माणसाच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं.

दुपारी सुषमाने लिडियासकट सगळ्यांना समितीच्या खोलीत बोलावलं. टेबलावर नकाशा पसरला. लांबलचक, अरुंद हॉल. दोन्ही बाजूंना गुडघाभर भिंत, वर जाळी, जाळीला बाहेरून पडदे. दारात उथळ हौद.

"हवा बघा कशी खेळणार! आणि पाय धुवायला हौद," काका कौतुकाने म्हणाले. "पुण्याचा माणूस, विचार करतो."

"संडास कुठाय?"

काकांनी नकाशा फिरवून बघितला. संडास नव्हता. नवरा-नवरीला स्टेजही नव्हतं.

हवालदार मगनने वाकून बुटक्या भिंतीवर बोट ठेवलं. "मॅडम, भीत इतलीच का बरं शे?"

"बघू. काका, आलेल्या बोल्या कोणाला दिसायच्या?"

"फक्त सचिवाला. हा रोशन."

रोशन कडक इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता.

"तुम्ही काय करता?"

"पोल्ट्रीची शेडं बांधून देतो. नकाशातलं मला काही कळत नाही, मॅडम."

"शेवटची बोली कोणाची?"

"सहस्रबुद्धेंची. लिडियापेक्षा जराशीच कमी."

"बरं. हौदातलं पाणी रोज बदलावं लागेल, नाही का?"

"छे, रोज कशाला? औषध टाकलं की दोन दिवस..."



"लग्नाच्या हॉलला औषध कशाला, रोशन?"

सुषमाने नकाशा काकांसमोर सरकवला.

"काका, हे कोंबड्यांचं शेड आहे. वारा आरपार जावा म्हणून अरुंद हॉल आणि बुटकी भिंत. आत रोग जाऊ नये म्हणून दारात औषधाचा हौद. कोंबड्यांना संडास लागत नाही, म्हणून तो काढलाच नाही. लिडियाने असा नकाशा काढला असता का? हा शेडवाल्याचा हात आहे. आणि लिडियाची बंद बोली बघून तिच्याखाली नेमकी बोली लावणं एकालाच शक्य होतं. ती ज्याला दिसत होती त्याला. हेल्मेटवाला फोटो कुठून उचललास रे?"

"चूक झाली, मॅडम," रोशन पुटपुटला. मगनने त्याची कॉलर धरली.

समितीच्या माना खाली गेल्या. पुण्याचं नाव ऐकून हे लोक खुराड्यात वऱ्हाड बसवायला निघाले होते! सुषमाला किळस आली.

काका मात्र लगेच सावरले. "लिडिया बेटी, झालं गेलं विसर. आता नकाशा तूच काढ. फी मात्र घरच्यासारखी लाव हं."

कोपऱ्यात बसलेली लिडिया उठली. तिचा आवाज ठाम होता.

"काढीन. फी पूर्ण घेईन. पण आधी रविवारी, जिथे मला चोर म्हणालात, तिथेच उभं राहून चोर कोण ते सांगा."

काका आशेने सुषमाकडे बघू लागले.

"माझ्याकडे काय बघता?" सुषमा म्हणाली. "माईक लावून सांगा."