मंगळवारची थाप

पल्लवी माझी मावसबहीण. तिने ही हकिकत मला तीन वेळा सांगितली. रचून सांगणारा माणूस दर वेळी थोडा मीठमसाला वाढवतो. तिने कधीच वाढवला नाही. उलट दर वेळी तिचा आवाज आणखी खाली गेला.

म्हणून मी ती खरी मानते. तुम्ही काय मानायचं ते तुम्ही ठरवा.

दोन वर्षांपूर्वीचा मार्च. नाशिकजवळचं आडगाव. मंगळवार, संध्याकाळचे सात.

पल्लवी पिंपळगावच्या एका पॅकहाऊसमध्ये द्राक्षं निवडायला जायची. त्या वर्षी गारपीट झाली, माल सडला, आणि ठेकेदाराने बायकांचा पगार "पुढच्या आठवड्यात" म्हणत महिनाभर लांबवला. नवरा, ललित, कामाच्या शोधात सिल्वासाला गेलेला. घरात ती आणि सहा वर्षांची वेदिका.

खोली वरच्या मजल्यावर होती. बाहेरून लोखंडी जिना. खाली घरमालकीण पुतळाबाई एकट्याच राहायच्या. माळ्याची बाई. सारा जन्म शेवंती पिकवून बाजारात विकली, त्यातून हे घर बांधलं. पल्लवी त्यांना आजी म्हणायची.

भाडं पाच तारखेला द्यायचं असे. पल्लवीने दहाचा वायदा केला. मग पंधराचा. तोही हुकला, तेव्हा तिला आजींना तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

ती लपायला लागली.

पहाटे पॅकहाऊसची गाडी यायच्या आधी चपला हातात घेऊन जिना उतरायची. संध्याकाळी घरात शिरली की दिवा लावायची नाही. मोबाइलच्या उजेडात स्वयंपाक, त्याच उजेडात वेदिकाचा अभ्यास.

त्या मंगळवारी ती पोरीकडून पाढे म्हणून घेत होती.

आणि दारावर थाप पडली...

तीन थापा. हळू.

पल्लवीने वेदिकाच्या तोंडावर हात ठेवला. मोबाइल पालथा केला.

"पल्लवे... हाय का गं घरात?"

आजींचा आवाज. नेहमीपेक्षा बारीक.

पल्लवी श्वास रोखून बसली. थोड्या वेळाने पुन्हा एक थाप पडली. मग काहीच नाही. वेदिकाचा श्वास तिच्या तळव्याला गरम लागत होता. पाचेक मिनिटांनी तिने हात काढला आणि पोरीला गप झोपवलं.

आजचा दिवस टळला, एवढंच तिच्या मनात आलं.

बुधवारी पहाटे नळाला पाणी नव्हतं.

टाकी भरायची मोटर आजी रोज सकाळ-संध्याकाळ चालवायच्या. कधी चुकायच्या नाहीत. पल्लवीला वाटलं, भाडं थकलं म्हणून आजींनी पाणी तोडलं. तिला रागही आला. शेजारच्या चिमाजींकडून तिने दोन बादल्या आणल्या आणि कामाला गेली.

संध्याकाळी परतली तर खालच्या घरात अंधार. टीव्हीचाही आवाज नाही.

आपल्यावर पाळत ठेवून अंधारात बसल्या असतील, असं वाटून ती भिंतीला चिकटून वर चढली.

सात वाजले.

आणि पुन्हा...

तीन थापा.

"पल्लवे... दार उघड गं."

या वेळी पल्लवीचं लक्ष दाराखालच्या फटीकडे गेलं. रस्त्यावरच्या खांबाचा उजेड त्या फटीतून आत येत होता. कुणी दाराशी उभं राहिलं की तिथे सावली पडायची.

उजेड सरळ आत आला होता. सावली नव्हती.

मग तिला दुसरी गोष्ट कळली. जिना वाजलाच नव्हता. आजी जड अंगाच्या. त्या चढायला लागल्या की तो लोखंडी जिना पहिल्या पायरीपासून दणदणायचा.

काल वाजला होता का?

तिला आठवेना.

रात्रभर ती जागीच होती.

दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिने भागीबाईला सगळं सांगितलं. सावलीचं तेवढं सोडून. भागीबाई तिच्याच टेबलावर काम करायची, वयाने मोठी, स्वतः चार खोल्या बदललेली. तिने पल्लवीला चांगलंच झापलं. म्हणाली, भाडं थकणं हा गुन्हा नाही, पण लपून बसलं की माणसाला चोर ठरवतात. असतील तेवढे पैसे हातावर ठेव, बाकीच्याची तारीख सांग, आणि ती पाळ. मालकिणीच्याही पोटात माया असते.

तिनेच ठेकेदाराशी भांडून पल्लवीला दोन हजारांची उचल मिळवून दिली.

गुरुवारी संध्याकाळी पल्लवीने दिवा लावला. नोटा मुठीत घेतल्या. आज थाप पडली की उघडायचं, आधी माफी मागायची.

सातला ती दाराशीच उभी होती. एक हात कडीवर, दुसरा दारावर टेकलेला.

जिना शांत होता.

आणि मग...

थाप तिच्या तळहाताखाली पडली.

फळी थरथरली. ती थरथर तिच्या कोपरापर्यंत आली. तिने त्याच क्षणी कडी ओढून दार उघडलं.

कुणीच नव्हतं.

रिकामा जिना. खाली आजींचं बंद दार. आणि एक वास... सकाळी आला असता तर तिने उंदीर मेला म्हणून सोडून दिला असता.

तिने चिमाजींना हाक मारली. त्यांनी आजींचं दार ठोठावलं, खिडकीशी गेले, आणि तोंडाला उपरणं लावून मागे सरले. दार आतून बंद होतं. ते तोडावं लागलं.

पुतळाबाई दारापासून हातभर अंतरावर पडल्या होत्या. पालथ्या. घरात कधी चप्पल न घालणारी बाई... दोन्ही पायांत चपला होत्या.

बाहेर निघाल्या होत्या? की बाहेरून परत आल्या होत्या?

डॉक्टरांनी हृदयविकार सांगितला. मंगळवारीच गेल्या म्हणाले. दुपारी की रात्री, ते दोन दिवसांनी नक्की सांगता येत नाही.

मुलगा, यादव, देवळाली कॅम्पहून आला. त्याचं तिथे दुकान. रडून झाल्यावर तो पल्लवीजवळ येऊन बसला. भाड्याचं नावही काढलं नाही. एवढंच विचारलं,

"ताई, तुम्ही वरच होतात. मंगळवारी आईने हाक मारली का हो?"

वेदिका आईकडे बघत होती.

"नाही," पल्लवी म्हणाली.

आज ती ओझरला राहते. भाडं चार दिवस आधी देते. वेदिका त्या संध्याकाळबद्दल कधी बोलत नाही, आणि पल्लवीला तिला विचारायचा धीर होत नाही.

बुधवारी आणि गुरुवारी दाराशी कोण होतं, याची तिला भीती वाटत नाही. मेलेलं माणूस होतं, एवढं तिने मान्य केलंय. तिची झोप उडते ती मंगळवारच्या थापेने. त्या वेळी आजी जिवंत असतील तर...

माणसं देवापाशी भूतबाधा टळावी म्हणून नवस बोलतात.

पल्लवी मात्र रोज दिवा लावून एकच मागते. मंगळवारीसुद्धा ते भूतच असू दे.