श्रीशैल सरांचा अर्धा पाठ

हे खरं हाय. माझ्या गळ्याची शप्पत. म्हंजे, मी स्वतः तिथं नव्हतो. श्रीशैल सरांनी मला सांगितलं. म्हंजे, सांगितलं बी न्हाई, चिठ्ठ्यांवर लिहून दिलं. तेरा चिठ्ठ्या. अन् त्यांचं अक्षर असं, की जिथं लागलं न्हाई तिथं मी माझ्या मनानं भरलं. बाकी सगळं खरं. सत्यम, ती गच्चीची लाईट बंद कर बाबा, किडे येऊन राहिले.

श्रीशैल सर म्हंजे आपल्या हॉस्टेलच्या तळमजल्यावर गाण्याचा क्लास घेतात, ते.

"धोंडप्पा काका, सकाळी सहाला 'सरिगम सरिगम' करून आमची झोप मोडतात, तेच ना?"

हाव, तेच. त्यांची झोप तर पाचलाच मोडते, तुझं काय घेऊन बसलास. ते कर्नाटकी गाणं शिकवतात. लातुरात ते कोण शिकतंय म्हणशील, तर उदगीर-निलंग्याकडची घरं हायेत, घरात कानडी, तेलुगू बोलणारी. त्यांची लेकरं येतात. पण लातूर ते लातूर. इथं गाण्याच्या क्लासला बी बॅच लागती. चाळीस लेकरांची एक, अशा सहा. दर रविवारी टेस्ट. एका बाईनं तर विचारलं होतं, सर, क्रॅश कोर्स हाय का?

आता ऐका, गोष्टीचं मूळ इथं हाय. लेकरांचा आवाज बारीक. त्यांची पट्टी काळी चार. सरांची स्वतःची काळी एक, लई खाली. पण चाळीस लेकरांना खाली कोण उतरवणार? तर सरच वर चढायचे. दिवसाला सहा बॅच, अकरा वर्षं, दुसऱ्याच्या पट्टीत. गळा बसला. चहा घेतला. परत बसला. आलं चघळलं. मग एक दिवस 'स' लावला अन् नुसती हवा निघाली.

डॉक्टरनं गळ्यात कॅमेरा घातला. आवाजाच्या दोन पट्ट्या असतात म्हणे आत, दोन्हींवर एक-एक गाठ. ज्वारीच्या दाण्याएवढी. डॉक्टर म्हणले, दहा दिवस एक शब्द बोलायचा न्हाई. कुजबुजायचं बी न्हाई, ते आणखी वाईट. सोमवारी, बावीस तारखेला या. गाठी उतरल्या तर ठीक. न्हाईतर ऑपरेशन. अन् ऑपरेशननंतर बोलता येईल, पण गाणं राहील का, ते मी सांगत न्हाई.

गाणं गेलं तर त्या माणसाकडं दुसरं काही न्हाई, पोरांनो. बायको न्हाई, शेत भावाकडं. क्लास चालूच ठेवला. पालकांनी फी भरलेली. सर गप्प बसायचे, मोबाइलवर आपलंच जुनं रेकॉर्डिंग लावायचे अन् हातानं ताल धरायचे. मला तर बघून बी थकायला व्हायचं.

त्यात देगलूरच्या घराचा निरोप आला. त्यांच्या गुरू, रत्नम्मा, श्रावणात वारल्या होत्या. लेक हैदराबादला. ती म्हणली, आईचा तंबोरा तुम्ही घेऊन जा, चावी शेजारी चतुराबाईकडं हाय.

सर कधी गेले? एकोणीस डिसेंबर, शुक्रवार. वेळ अमावस्या, सगळा जिल्हा शेतात जेवायला जातो तो दिवस. त्या दिवशी क्लासला सुट्टी, म्हणून. दुपारी भावाच्या शेतात जेवले. अन् गाणाऱ्यानं आंबट घेऊ नये, तर हे तीन लोटे आंबील प्याले.

"का पण?"

तोंडानं 'नको' म्हणता येईना. हात हलवला की वहिनी म्हणायची, आणखी पाहिजे का भाऊजी, अन् ओतायची.

संध्याकाळच्या एसटीनं निघाले. उदगीरला गाडी बदलली. देगलूरला पोचायला पावणेदहा. गल्लीत कुत्रं न्हाई. लोक दिवसभर शेतात राहून दमलेले, लवकर झोपलेले. चतुराबाईनं दाराच्या फटीतून चावी दिली अन् म्हणली, "झोपा खुशाल. पण तीनच्या आत उठून निघा, बरं का."

सरांना विचारायचं होतं, का? त्यांनी वहीवर लिहिलं, 'का?' अन् पुढं धरलं.

ती म्हणली, "मला वाचता येत न्हाई." अन् दार लावलं.

दोन खोल्यांचं घर. वर स्लॅब. वीज तोडलेली. तंबोरा कोपऱ्यात उभा, कापडाच्या खोळीत, तारा उतरवून ठेवलेल्या. सरांनी हात लावून बघितल्या. पार सैल. चटई टाकली अन् आडवे झाले. इतके दमले होते, की भ्यायचं बी राहून गेलं.

तीन वाजून वीस मिनिटं. मोबाइलवर बघितलं त्यांनी.

तंबोरा वाजत होता.

खोळीत. कोपऱ्यात. तारा सैल... अन् सुरात.

सरांना वाटलं, सपान. उठून बसले. हे बघा, त्या गाण्याची एक शिस्त असती. गुरू एक ओळ म्हणतो. शिष्य तीच परत म्हणतो. शिष्याची बरोबर आली, तरच गुरू पुढची देतो. न्हाईतर तीच. दहा वेळा, शंभर वेळा... तीच. सर त्या घरात आठ वर्षं असेच शिकलेले. अन् अंधारातून आवाज आला. म्हाताऱ्या बाईचा.

स रि ग म.

थांबला. मांडीवर ताल वाजत राहिला. थाप... करंगळी... अनामिका... मधलं. आता शिष्यानं म्हणायचं.

सर गप्प.

परत. स रि ग म.

गप्प.

परत.

सतरा वेळा. सरांनी मोजल्या. आवाज चिडला न्हाई. घाई न्हाई. तेवढाच थंड. तेवढाच... जवळ. पहिल्यांदा कोपऱ्यात होता. अठराव्याला चटईच्या कडेला.

मग ताल थांबला.

"श्रीशैला..."

...

"नोरु तेरु."

"म्हंजे काय, काका?"

तेलुगू हाय. तोंड उघड.

सरांनी तोंड दाबून धरलं. दोन्ही हातांनी. इथं एक 'स' लावला तर सोमवारी ऑपरेशन. न्हाई लावला तर... ते बी ठाऊक न्हाई. दारापर्यंत पाच पावलं. पण पाठातून मधेच उठायचं न्हाई, हे त्यांच्या हाडात गेलेलं.

त्यांनी अंधारात गळ्याकडं बोट दाखवलं. दोन बोटं केली. दोन गाठी.

मांडीवरची थाप परत पडली.

मग तंबोरा... उतरू लागला. काळी चार. तीन. दोन. आपोआप. रत्नम्मानं सगळ्या जन्मात कुणासाठी पट्टी उतरवली नव्हती. शिष्यानंच चढायचं, असा नेम. अन् आता उतरत उतरत... काळी एक.

सरांची स्वतःची.

अकरा वर्षांनी ऐकली त्यांनी. सर रडले, असं लिहिलं होतं. किंवा 'पडले'. अक्षर लागलं न्हाई.

स रि ग म. आता ओठ मिटून. नुसता 'म्'चा गुंजारव. सरांनी बी ओठ मिटले अन् परत दिला. हळू. दुखलं न्हाई.

पुढची ओळ आली.

पहिला काळ, म्हंजे संथ लय, झाला. मग दुसरा, दुप्पट लयीत. अन् दुसऱ्या काळात सरांना कळलं... गळ्याला थंड लागतंय. बाहेरून न्हाई. आतून. कुणी बोट घालून... गाठ चाचपावी... तसं. डावीकडं.

हळूच.

दाबलं.

सरांनी गुंजारव थांबवला न्हाई. थांबवायची हिंमत नव्हती.

दुसरा काळ संपला. आता तिसरा. चौपट. तीन काळ झाले की पाठ पुरा. थाप पडली. अन् ते थंड बोट... उजवीकडं सरकू लागलं...

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साडेपाचची उदगीर गाडी.

सर उठले.

"पळाले!"

पळाले न्हाईत. शनिवारी पहिली बॅच दहाला होती. चाळीस लेकरं. वही-पिशवी घेतली अन् निघाले. पाठातून, मधेच. तंबोरा बी तिथंच राहिला, जो आणायला गेले होते. मागं मांडीवरचा ताल चालूच होता. थाप... करंगळी... गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत होता.

दुपारी खाली गेटवर, माझ्या वॉचमनच्या स्टुलावर बसून त्यांनी तेरा चिठ्ठ्या लिहिल्या. मी म्हणलं, सर, आंबील बाधली. तीन लोटे कुणी पितं का?

सोमवारी डॉक्टरकडं मीच गेलो सोबत. बोलायचं कुणी, म्हणून. हे मी डोळ्यांनी बघितलं, ह्याच्यात शप्पत-बिप्पत काही न्हाई. डॉक्टरनं कॅमेरा घातला. स्क्रीन बघितली. जुना फोटो काढला. परत स्क्रीन बघितली. कॅमेरा पुसून परत घातला.

मग विचारलं, "हे कुठं करून घेतलं?"

सरांनी लिहिलं, 'देगलूर.'

"कुणाकडं?"

सरांनी पेन खाली ठेवला.

डॉक्टरनं स्क्रीन आमच्याकडं फिरवली. उजव्या पट्टीवरची गाठ होती तशी. ज्वारीचा दाणा.

डावी... साफ. व्रण न्हाई. डाग न्हाई. लहान लेकराची असावी तशी.

...

"काका... मग सर परत गेले का? तिसऱ्या काळासाठी?"

न्हाई अजून.

"भ्याले?"

भ्यायला वेळ पाहिजे बाबा. सहा बॅच हायेत, रविवारी टेस्ट. सुट्टीच न्हाई. ऑपरेशन डॉक्टरनं पुढं ढकललं, तर सर अर्ध्या गळ्यावर चालवून राहिले. मी म्हणलं, सर, एक रात्र तर काढा. त्यांनी लिहिलं, 'मे महिन्यात बघू.'

हं. झाली गोष्ट. काढा आता.

"काय काढा?"

पैसे. तासभर बोललो, मला बी गळाच हाय. चौकातला चहा अन् दोन खारी. सत्यम, तू सगळ्यात जास्त प्रश्न विचारले, तू काढ. अन् उधार नको. हे पोरगं बघा, पाकीट खोलीत हाय म्हणतं. मग जा की, घेऊन ये.

एकटा जा.