निनावी यंत्राचा हात

काड्यापेटीएवढी ती काळी डबी मिलिंग मशीनच्या उघड्या पट्ट्यांवरून पालीसारखी सरकत होती, मध्येच थबकत होती. हेमलता पांचाळ तिच्याकडे नजर न हटवता पाहत होती. हातातला चहा केव्हाच निवला होता.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या तिच्या कारखान्यात आता सगळी यंत्रं संगणकावर चालत. हे एकच जुनं उरलं होतं. त्यावर नाव नव्हतं, पाटी नव्हती, साधा क्रमांकही नव्हता. पण औद्योगिक वसाहतीत कोणालाही विचारलं तरी तो सांगे, हे दत्तोबा पांचाळांनी स्वतःच्या हाताने केलेलं मशीन. दत्तोबा म्हणजे हेमलताचे वडील. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती.

डबीला खूणवाचक म्हणत. धातूवर, दगडावर माणसाने केलेलं हातकाम वाचून तो हात कोणाचा हे ती सांगे. ती आल्यापासून जुन्या मूर्तींच्या नकला विकणाऱ्यांचे धंदे बसले होते आणि एका नामांकित शिल्पकाराची अब्रूही गेली होती. हेमलताला ती डबी आवडत नव्हती. ती घेऊन आलेले देवस्थळी तर त्याहून आवडत नव्हते. पुण्यात उभ्या राहत असलेल्या यंत्रसंग्रहालयात हे मशीन मांडायचं आणि खाली दत्तोबांचं नाव लिहायचं, एवढंच त्यांनी फोनवर सांगितलं होतं. मग इतकं तपासायचं कशाला? माणूस गोड बोलत होता, पण प्रत्येक उत्तर ऐकताना त्याचे डोळे मात्र दुसरीकडेच काहीतरी शोधत असत.

मशीनचं टेबल सकाळीच उतरवलं होतं. ते ज्या पट्ट्यांवरून सरकतं त्या अगदी सपाट व्हाव्यात म्हणून कारागीर पोलादी स्क्रेपरने केसाएवढा धातू खरवडून काढतो. त्याचे टिकले उमटतात, माशाच्या खवल्यांसारखे. प्रत्येकाचा दाब वेगळा, मनगटाचा झोक वेगळा. मधला भाग झिजला होता, पण टोकांना, वाळून दगड झालेल्या ग्रीसखाली, टिकले शाबूत होते. पडताळणीसाठी देवस्थळींनी दत्तोबांनी उतारवयात स्क्रेप केलेली एक सपाट प्लेट मागून घेतली होती, आणि हेमलताने मागच्याच महिन्यात स्क्रेप केलेली दुसरी.

डबी थांबली. देवस्थळींनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा आवाज बदलला. तुम्ही या पट्ट्यांना शेवटचा हात कधी लावलात, असं त्यांनी विचारलं. कधीच नाही, असं ती म्हणाली. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला.

"हा हात तुमचा आहे, बाई."

मशीन तिच्या जन्माआधीचं होतं. संग्रहालयाला याआधीही बनावट माल गळ्यात बांधायचा प्रयत्न झालाय, असं देवस्थळी जमिनीकडे बघत पुटपुटले. हेमलताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते वाळलेलं ग्रीस सकाळी तुमच्याच हाताने खरवडलंत ना, तेही मीच काल लावलं होतं का, असं तिने विचारलं. मग देवस्थळींनी दत्तोबांची प्लेट डबीखाली धरली. ती जुळली नाही, जवळपासही गेली नाही.

"तुम्हाला स्क्रेपिंग कोणी शिकवलं?" त्यांनी हळूच विचारलं.

वडिलांनी नाही. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं तुटलेली होती, शिकवायचा धीरही त्यांना नव्हता. तिला शिकवलं होतं दस्तगीर मुल्लांनी, वडिलांच्या जोडीच्या कारागिराने. गुरू आणि शिष्य यांच्या हातात डबीची कधी कधी गल्लत होते, असं देवस्थळींनी कबूल केलं. हात रक्तातून येत नाही, शिकवण्यातून येतो.

देवस्थळींवरचा तिचा सगळा संशय तिथल्या तिथे उठला आणि भिंतीवरच्या वडिलांच्या हार घातलेल्या फोटोवर जाऊन बसला. दस्तगीरचाचा ती कॉलेजात असताना अचानक काम सोडून गेले होते. का, ते घरात कोणी बोललं नव्हतं. वडिलांनी दुसऱ्याचं काम आपलं म्हणून मिरवलं होतं का?

दुसऱ्या दिवशी ती मिरजेला गेली. चाचा पुतण्याच्या घरी ओट्यावर उन्हाला बसले होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तो हात तुझ्या बापाचाच, पोरी. मी त्याच्याकडूनच शिकलो."

"मग त्यांच्या प्लेटवर तो हात का नाही?"

"बोटं गेल्यावर हात बदलला त्याचा. ह्याच मशीनच्या पहिल्या चाचणीत गेली ती."

हेमलता त्यांच्याकडे पाहतच राहिली. वडील नेहमी सांगत, बोटं पोरवयात प्रेसखाली गेली, कोल्हापूर बघण्याच्याही आधी. तिने ते बोलून दाखवलं. चाचांनी मान वळवली आणि ते रस्त्यावरच्या बकऱ्यांकडे बघत राहिले.

"मशीनवर नाव का कोरलं नाही?" तिने विचारलं.

"कोणाचं कोरायचं, ह्यावर जमलं नाही आमचं." मग ते म्हणाले, "दत्तोबाचं लिही म्हण त्या साहेबाला. मला आता काय करायचंय?"

परतीच्या वाटेवर तिने अंकलीच्या पुलापाशी गाडी बाजूला घेतली. दोघांपैकी एकजण तिच्याशी खोटं बोलला होता. वडील, जन्मभर, आपल्याच मशीनने बोटं नेली हे झाकून आपला मान राखायला; नाहीतर चाचा, आज, मेलेल्या मित्राचा मान राखायला. पुन्हा डबी लावून उपयोग नव्हता. बोटं जाण्याआधीचं वडिलांचं दुसरं कुठलंच काम शिल्लक नव्हतं. आणि ज्या दोन माणसांनी तिला घडवलं, त्यांच्यात चोर शोधत आपण निघालोय, याची तिला लाज वाटत होती. तरी संशय जात नव्हता.

फोन वाजला. देवस्थळी होते. पाटी आज छपाईला द्यायची होती.

"दोन्ही नावं लिहा," ती म्हणाली.

पलीकडे पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.

"लिहितो," देवस्थळी म्हणाले. "पण कोणाचं आधी?"