पाठीराखा क्रमांक एक

शीतकूप वसाहतीतल्या त्या दालनाला सगळे प्रयोगशाळा म्हणत, पण तिथे प्रयोग असे कधी होत नसत. तिथे शर्वाणी घैसास नोंदसंच सांभाळत बसे. चंद्रावरच्या त्या वसाहतीतला प्रत्येक माणूस नोंदसंचात एकेका ओळीत नांदत असे. ओळ असली तर खोलीत हवा. ओळ पुसली गेली, की खोली रिकामी आहे असे समजून यंत्रणा तिथली हवा शोषून घेई, कारण हवा उधळणे चंद्रावर परवडत नाही. नियम कडक होता, पण त्यात वावगे काही नव्हते. वावगे केले ते माणसांनी.

त्या सकाळी अनसूया टेमघरे दालनात आली. अळिंबीच्या शेतावर राबणारी ही विधवा बाई कधी कुरकूर करणाऱ्यांतली नव्हती. आज मात्र ती बसायलाही तयार नव्हती.

"बाई, माझ्या दारावर त्या नाखऱ्याचं नाव का लागलंय?" तिने विचारले.

शर्वाणीने तिची ओळ पडद्यावर काढली. अनसूया दिगंबर टेमघरे. दिगंबर नाखरे म्हणजे वसाहतीचा मुख्य प्रशासक. अनसूयेचा नवरा केरबा खाणीत दगावला होता, म्हणून काय तिच्या नावाच्या मधोमध परका पुरुष आणून बसवायचा? दारांवरच्या पाट्या आजच बदलल्या होत्या आणि शर्वाणी पहाटेच घराबाहेर पडली होती. तिने स्वतःची ओळ काढली. शर्वाणी दिगंबर घैसास.

शेजारच्या टेबलावर प्रद्युम्न ओगले बसला होता. शर्वाणी आजारी असताना नाखऱ्याच्या हुकुमाप्रमाणे हा बदल त्यानेच नोंदसंचात लागू केला होता. हुकूम असा, की प्रत्येकाने वसाहतीतला एक माणूस आपला पाठीराखा म्हणून नेमायचा. त्याचे नाव आपले मधले नाव होणार आणि आपल्या वाट्याचे पाणीही त्याच्याच नळाला येणार. नाखरे याला आपली परंपरा म्हणत असे. अनसूयेने, शर्वाणीने आणि आणखी कितीतरी जणींनी तो रकाना रिकामा ठेवला होता. पाणी कमी येऊ लागले तेव्हा सगळ्यांनी नळाला दोष दिला.

"रिकामा रकाना चालत नाही," प्रद्युम्न मान खाली घालून म्हणाला. "नवा रकाना जोडताना आपली संगणकप्रणाली विचारते, जुन्या ओळींत कुणाचा क्रमांक भरू? मी एक हा आकडा टाकला. सगळे तोच टाकतात."

"आणि क्रमांक एकची ओळ कुणाची आहे?"

वसाहतीतली पहिली नोंद अर्थातच मुख्य प्रशासकाची होती.

"आणि पाठीराख्याची ओळ पुसली तर?"

"साखळी ठेवलीय," तो पुटपुटला. "त्याच्यावर टेकलेल्या ओळीही पुसल्या जातात. झाडाबरोबर फांद्या जातात तशा."

नाखरे पुढच्याच यानाने पृथ्वीवर परतणार होता, आणि यानात पाऊल ठेवण्याआधी प्रवाशाची वसाहतीतली ओळ पुसावीच लागते. त्याची ओळ पुसली जाणार, पाठोपाठ या सगळ्या बायकांची, त्यांच्या लेकरांची, आणि झोपेतच त्यांच्या खोल्यांतली हवा निघून जाणार. चालू नोंदसंचात एक अक्षरही बदलायचे तर प्रशासकाची मंजुरी हवी, म्हणून शर्वाणी तडक त्याच्याकडे गेली.

नाखरे टबात बसला होता आणि त्याने तिला तिथेच बोलावून घेतले. चंद्रावर टब! पाण्यावर साबणाचा करडा फेस आणि केस तरंगत होते. हे आपल्या तोंडचे पाणी, अनसूयेच्या पोरीच्या तोंडचे पाणी, हे शर्वाणीला उमगले आणि तिने नजर भिंतीकडे वळवली. तिने सारे समजावून सांगितले. तो खदखदून हसला.

"म्हणजे माझ्यामागे सगळ्या सती जाणार म्हणा की."

असल्या माणसाचे नाव आपल्या नावाच्या मधे आहे, या विचाराने तिच्या अंगावर काटा आला. मुस्काटात देण्यासाठी शिवशिवणारे हात तिने मागे धरून ठेवले आणि मागणी मांडली: या सगळ्या ओळी आजच मोकळ्या करा. त्याने साफ नकार दिला. जाईपर्यंत अंघोळ चुकवणार नव्हता तो.

"मग एक शब्द तरी बदलू द्या," ती म्हणाली. "साखळीच्या जागी संरक्षण. तुमच्यावर कुणी टेकलेलं असेल तोवर तुमची ओळ पुसलीच जाणार नाही. निघताना तुम्ही सगळ्यांना मोकळं करायचं आणि मग जायचं."

यात आपले पाणी जात नाही म्हटल्यावर त्याने ओल्या अंगठ्याने मंजुरी दिली. शर्वाणीने परत येऊन तो बदल लागू केला आणि मग साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, जवळ होते तेवढ्या पाण्यात.

यान निघायच्या दिवशी सगळ्या बायका निर्गमद्वाराशी आल्या. त्यांनी आपसांत ठरवून एकमेकींना पाठीराखीण नेमले होते. नाखरे अंगठा उमटवत गेला, ओळी सुटत गेल्या, आणि पाट्यांवरची नावे पालटली. शर्वाणीच्या नावाच्या मधे अनसूया आली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेतल्यासारखे वाटले.

नाखरे द्वाराकडे वळला. द्वार उघडले नाही. पडद्यावर अक्षरे उमटली: या नोंदीवर एक व्यक्ती अवलंबून आहे.

"कोण राहिलीय?" तो खेकसला.

प्रद्युम्नने ओळ काढली. मला कुणाच्या आधाराची गरज नाही म्हणत नाखऱ्यानेही तो रकाना रिकामाच ठेवला होता. त्या रिकाम्या जागीही एक हाच आकडा भरला गेला होता, म्हणजे त्याचा स्वतःचाच क्रमांक. त्याच्या दारावर नुसताच हुद्दा असल्याने हे कुणाच्या ध्यानातही आले नव्हते. दिगंबर दिगंबर नाखरे. तो स्वतःवरच टेकून उभा होता, आणि टेकलेला आहे तोवर पुसला जाणार नव्हता.

"मग तो आकडा काढून टाका."

"रकाना रिकामा चालत नाही, साहेब," शर्वाणी म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं तरी नाव लावावं लागेल. त्या माणसाच्या संमतीनं."

"मग बदल मागे घ्या. साखळी लावा परत."

"लावते की. पण यान सुटल्यावर. बदल नोंदसंचात लागू होईपर्यंत द्वार बंदच असतं, आणि तोवर यान गेलेलं असेल."

नाखऱ्याने प्रद्युम्नकडे पाहिले. प्रद्युम्नने बुटांकडे पाहिले. यानाची शेवटची सूचना झाली तेव्हा त्या माणसाने, मानेवर घाम घेऊन, अनसूयेसमोर हात जोडले. क्षणभरापुरते तुमचे नाव द्या, म्हणाला. माझी ओळ पुसली की तेही पुसले जाईल.

अनसूयेने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ताटात काही भलते निघावे तसा तिचा चेहरा झाला.

"माझं नाव मी तुम्हाला लावू देणार नाही," ती म्हणाली, आणि लेकीचा हात धरून शेतावर निघून गेली.

तिच्यामागोमाग बाकीच्याही गेल्या. द्वारापाशी नाखरे, त्याचे सामान आणि प्रद्युम्न एवढेच उरले, आणि यान सुटले.