उष्टी झारी

ओरिओल, तोंड लावू नकोस! झारी वर धर, धार तोंडात पडू दे. सांडलं तर सांडलं, जुलै आहे, वाळेल. बार्सिलोनाला शिकायला गेलात म्हणून आम्हाला उष्टं पाजणार का रे? हसा, हसा. ह्याच तोंड लावण्यावरून आपल्या गावच्या सिंतोची गोष्ट आठवली. उडत उडत ऐकलेली नाही. त्यानेच सांगितली, ह्याच बाकावर बसून, वाइन पिता पिता.

साल २०१९. चोवीस जुलै, बुधवार. रात्री साडेअकराला सिंतो घरातून निघाला. काम साधंच होतं. वरच्या द्राक्षबागेला रानडुकरांसाठी विजेचं कुंपण आहे, त्याची बॅटरी उतरली होती. नवी टाकून यायची. डोंगरावर पाण्याचा टिपूस नाही, म्हणून गाडी वळणावर लावून वर चढताना एका हातात बॅटरी आणि दुसऱ्या हातात भरलेली झारी.

ती बाग त्याने फेब्रुवारीत नव्या वेलींसाठी खणली होती. खणताना यंत्राच्या दातात एक बूट आला. बुटात हाड. यादवी युद्धातलं एब्रो नदीवरचं सैन्य ह्या डोंगरांत किती पेरलं गेलंय ते आपल्या नांगरांना विचारा! नियम असा की काम थांबवायचं आणि कळवायचं. मग शहरातले लोक येणार, दोऱ्या बांधणार, ब्रशने माती झाडत बसणार, हंगाम गेला. रोपं तर आणून ठेवलेली. सिंतोने इकडेतिकडे पाहिलं, हाडं गोळा केली आणि दगडी बांधाच्या पोटात सारली. वर आणखी दगड रचले. फक्त मला सांगितलं, आणि मीही मूग गिळून बसलो. त्या पापात माझाही वाटा आहे, उगाच कशाला लपवू?

पाप कसलं, तर खाली चौकात रेमेई मावशी राहायची. एक्क्याण्णव वर्षांची. युद्धात गाव शत्रूच्या हाती गेलं तेव्हा तिचे घरचे नदीपार पळाले, आणि तिकडे तिच्या भावाला, इसिद्रेला, सैन्यात ओढलं. सतरा वर्षांचा. ते सैन्य उभंच केलं होतं ही एक नदी ओलांडायला. पंचवीस जुलै अडतीस, रात्री सव्वाबारा वाजता होड्या निघाल्या. पोरगा बंदूक घेऊन स्वतःच्याच गावाकडे निघाला होता! एकशे पंधरा दिवस ते सैन्य ह्या डोंगरांवर भाजत राहिलं. तोफांनी मेले तसे तहानेनेही. नोव्हेंबरात उरलेसुरले परत नदीपार गेले. इसिद्रे ना मेलेल्यांच्या यादीत, ना परतलेल्यांच्या. तेव्हापासून शेतावरून येणाऱ्या प्रत्येकाला मावशीचा एकच प्रश्न, "काय रे, काही निघालं का?"

फेब्रुवारीत सिंतोलाही तिने विचारलं.

"दगड, मावशी. नुसते दगड," हा म्हणाला.

तर त्या रात्री... बॅटरी जोडून झाली. कुंपणाची टिकटिक सुरू झाली. त्याने घड्याळ पाहिलं. सव्वाबारा. आणि टिकटिक थांबली.

चंद्र उगवायचा होता. खालून पावलं आली. एकाची नव्हेत. पुष्कळांची. ओळीने. कुणी बोलत नव्हतं. रिकाम्या पत्र्याच्या डब्यांचा तेवढा आवाज. त्याच्या दोन्ही बाजूंनी वर चालली होती. वेलीचं पान हलत नव्हतं.

शेवटचा थांबला.

"काका, पाणी आहे?"

सिंतोने झारी पुढे केली. तहानलेल्याला आपल्याकडे कुणी नाही म्हणत नाही. पोराने ती दोन्ही हातांनी धरली आणि तोटी सरळ तोंडात घातली.

माणसाची सवय बघा. अशा वेळीही हा म्हणतो, "अरे, तोंड लावू नकोस!"

"आईपण हेच म्हणते."

प्यायला. पीतच राहिला. झारीत एवढं पाणी नव्हतं...

"सगळे पुढे गेले," पोरगा म्हणाला. "मला उठताच येईना. अंगावर दगड होते."

"घरी सांगितलंत?" त्यानेच पुढे विचारलं.

सिंतोला सांगायचं होतं. माफी मागायची होती. तोंड उघडलं. आणि बाहेर आलं ते फेब्रुवारीतलंच.

"दगड... नुसते दगड."

पोरगा वळला. बाकीचे वर गेले होते. तो खाली चालू लागला. गावाकडे. झारी घेऊन.

उजाडेपर्यंत सिंतो गाडीत काचा चढवून बसला होता. मग तडक मावशीचं घर. मावशी दारातच बसली होती. मांडीवर झारी. आयुष्यात पहिल्यांदा तिने काही विचारलं नाही.

"मावशी," हा म्हणाला, "निघालंय. फेब्रुवारीतच निघालं होतं. मी..."

"माहीत आहे."

ती तोटीवरून अंगठा फिरवत होती. तोटीला लाल माती लागलेली, वरच्या बागेतली. त्या मातीत ओठ उमटले होते.

"ह्याच्यासाठी आई फार मारायची रे त्याला," मावशी म्हणाली. "मी नाही रागावले."

त्याच दिवशी सिंतोने बांध उकलला आणि कळवलं. मावशी सप्टेंबरात गेली. तपासणीचा कागद नंतर आला. मावशीशी जुळवून बघण्याइतकं त्या हाडांत काही उरलं नव्हतं म्हणे. तेव्हा ती इसिद्रेचीच, असं शपथेवर कुणी सांगू शकत नाही. मीही नाही.

झारी सिंतोने मला दिली. घरात ठेववेना त्याला. तेव्हापासून त्या वरच्या फळीवर आहे, पालथी. थेंबभर पाणी घातलेलं नाही कुणी.

ओरिओल, तू उंच आहेस. काढ खाली. सांभाळून. आता तोटीला बोट लाव...

काय रे? ओली आहे ना माती?